एक कोटी ठोके आणि काकूंचा आवाज

सबनीसकाकांना किती वाजले असं कोणी विचारू नये. ते आधी आपल्यालाच विचारतात, "किती अचूक हवंय?" माझ्यासारखा माणूस ऑफिसची बॅग खांद्याला लावून जिन्यात उभा असतो, त्याला सव्वानऊ एवढंच ऐकायचं असतं. पण काका चष्मा पुसतात, "थांब, आत बघून सांगतो" म्हणतात, आणि तेवढ्यात आपली रिक्षा जाते.

आमची सोसायटी डोंबिवलीत, तीन मजल्यांची. मी सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणारा. काकांचं दार माझ्या दारासमोर. कोलशेतच्या एका कारखान्यात ते बत्तीस वर्षं मापनयंत्रं तपासायच्या खात्यात होते. कुठला मीटर खरं बोलतो आणि कुठला थापा मारतो, एवढंच बघायचं. ती सवय अंगात इतकी मुरली की रिटायर झाल्यावर त्यांनी आम्हालाच तपासायला घेतलं. पाणी कमी येतंय म्हटलं, की लगेच "संदर्भ काय? कशाच्या तुलनेत कमी?" सभेच्या वहीत सहीशेजारी 'सभा अकरा मिनिटे चार सेकंद उशिरा' असं लिहिणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एकदा तर ताप असताना डॉक्टरांना म्हणाले, "हा थर्मामीटर शेवटचा कधी तपासलात?" ताप यांना, घाम डॉक्टरांना.

त्यांच्या घरात टीव्हीच्या जागी दोन डबे आहेत. पहिल्यात क्वार्ट्झचा एक खडा, छोट्याशा भट्टीत कायम एकाच तापमानाला ठेवलेला. तो सेकंदाला बरोबर एक कोटी ठोके देतो, आणि चुकू नये म्हणून काका त्याला उपग्रहांच्या घड्याळाशी ताडून बघतात. दुसऱ्या डब्याला ते डीडीएस म्हणतात. पूर्ण नाव डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस. मला काही कळेना, तेव्हा त्यांनी रांगोळीवर आणलं.

"खडा ठिपके टाकतो. हा दुसरा ते ठिपके मोजून लहर काढतो. किती ठिपके सोडून पुढचा घ्यायचा, तो आकडा मी द्यायचा. आकडा केसभर बदल, लहर केसभर बदलते. पण ठिपकेच वाकडे पडले तर रांगोळी कशी येणार, सांग?"

"पण काका, घरात एवढं अचूक लागतं कशाला?"

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत गेल्या.

विजयाकाकू बोलत नाहीत. तीन वर्षांपूर्वी घशाचं मोठं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज कायमचा गेला. आता हो म्हणायचं तर त्या चमच्याने वाटीवर एकदा वाजवतात, नाही म्हणायचं तर दोनदा. लांबलचक काही असलं तर पाटीवर लिहितात. जिन्यात उभ्या राहून अख्ख्या बिल्डिंगला हसवणारी बाई हो ती!

दिवाळीच्या आधी मी एक घाण करून ठेवली. पंपाची वायर बदलायची होती म्हणून इलेक्ट्रिशियनला घेऊन खाली गेलेलो, आणि कोणाला न सांगता अख्ख्या विंगचा मेन स्विच पाडला. दोन मिनिटांत काका अनवाणी खाली. वीज गेली तर डबे चालू ठेवणारी त्यांची बॅटरी नेमकी दुरुस्तीला दिलेली. मी आपला ओरडा खायच्या तयारीने उभा. तर ते पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "खडा गार झाला रे. आता ताळ्यावर यायला पंधरा-वीस दिवस. परवा हिचा वाढदिवस. त्या दिवशी ऐकवणार होतो."

मग सगळं कळलं. काकूंचा आवाज फक्त एका जुन्या कॅसेटवर उरलेला. लग्नाच्या व्हिडिओत नुसती सनई, मोबाईलमध्ये नुसते फोटो, तेही काकूंनीच काढलेले. ही कॅसेट काकांनी नवा टेपरेकॉर्डर तपासायला भरलेली. जेमतेम चाळीस सेकंद. पण तेव्हा सेल उतरलेले होते, टेप हळू फिरली, म्हणून आता लावली की आवाज भराभर आणि चिरका येतो. "ही माझी बायको नाही, कुठलीतरी शाळकरी मुलगी आहे," काका म्हणाले. नशिबाने मागे रेडिओ चालू होता, आणि बातम्यांआधीचे वेळेचे ठोके टेपवर उतरले होते. दोन ठोक्यांत बरोबर एक सेकंद. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून डीडीएसच्या तालावर वाजवायची, आणि ठोके सेकंदाला सेकंद जुळेपर्यंत आकडा हलवायचा, असा तो सगळा घाट होता.

"अहो काका, फोनवर ॲप आहे. पाच मिनिटांत करून देतो."

"त्याला संदर्भ काय?" ते म्हणाले. आणि अनवाणीच जिना चढून वर गेले.

वाढदिवस तसाच गेला. मला लाज वाटली, तोंड चुकवत होतो. विसाव्या दिवशी संध्याकाळी काकांनी स्वतःच हाक मारली. काकू वाटी-चमचा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून. काकांनी आकडा टाकला.

"अहो, बंद करा ते! आमटी उतू जातेय आणि मी बोलू काय? बरं, एक, दोन, तीन... आणि ऐका, येताना नारळ आणा." मग हसणं. मागे रेडिओचे ठोके.

तोच तो जिन्यातला आवाज. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, ठोके तंतोतंत जुळले होते. ते काकूंकडे वळले.

वाटी दोनदा वाजली.

काकूंनी हाताने खूण केली: खाली, थोडा खाली.

"अगं, बरोबर आहे," काका म्हणाले. "आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, म्हणून जाड वाटतो. बाहेर सगळ्यांना असाच यायचा. याला पण विचार."

मी मान डोलावली. वाटी पुन्हा दोनदा वाजली. काकूंचे डोळे भरले होते.

काका बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. चूक कोणाची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग त्यांनी आकडा खाली आणला. ऐकवलं. दोनदा. अजून खाली. दोनदा. ठोके आता सेकंदाच्या मागे रेंगाळायला लागले होते, काकांनी तिकडे बघितलंच नाही. चौथ्या वेळी काकूंनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, अगदी नारळापर्यंत. वाटी एकदाच वाजली.

काकांनी वही उघडली, तारीख घातली, आकडा लिहिला. शेवटच्या रकान्यात संदर्भ लिहायचा असतो. तिथे पानभर खालपर्यंत 'उपग्रह, उपग्रह' असंच होतं. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, 'विजया'.

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं, आणि वाटी पुन्हा एकदा वाजवली.