अर्धा आटा ढिला

इल्मो कार्विनेनला आयुष्यात पुष्कळांनी फसवलं असेल, पण वजनाच्या बाबतीत त्याला फसवणारा माणूस अख्ख्या फिनलंडमध्ये जन्मला नव्हता! निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. बायको गेल्यापासून तो एकटाच डोंगर-तळ्यांकाठी हिंडून फोटो काढायचा, आणि सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांनी त्याला बजावलं होतं, की पाठीवर किती घ्यायचं ते आम्ही ठरवणार. म्हणून त्याने दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेलचा हातरुमाल केला. नकाशाच्या कोऱ्या कडासुद्धा कात्रीने उडवल्या! बॅगेत जाणारी प्रत्येक वस्तू आधी स्वयंपाकघरातल्या पिठाच्या काट्यावर चढायची.

कॉफीचे लाकडी कप तेवढे कधी काट्यावर चढले नाहीत. ते दोन होते. एक त्याचा, एक हेल्लेवीचा. हेल्लेवी जाऊन चार वर्षं झाली होती, पण कप एकात एक बसायचे, आणि बसलेल्याला उगाच कशाला उठवायचं?

राहता राहिलं ट्रायपॉडचं डोकं. तीन पायांच्या वर, कॅमेरा जिथे बसतो आणि वळतो, तो भाग. इल्मोचं जुनं डोकं लोखंडी होतं. त्याला दोर बांधून होडी नांगरता आली असती. आणि ट्रायपॉडशिवाय भागणार नव्हतं, कारण मुलगी साइया हेलसिंकीहून दर रविवारी तेच सांगायची, "बाबा, झाडं पुरे झाली. तू दिसशील असा एक तरी फोटो पाठव." हा रविवारचा फोन कॉफी गाळून होईपर्यंत चालायचा. कॉफी झाली की फोनही झाला. आता वाटेत भेटलेल्या परक्या माणसाला "माझा फोटो काढता का?" असं विचारायचं? त्यापेक्षा इल्मो अस्वलाशी बोलला असता!

तो योएन्सू शहरात गेला आणि क्योस्तीच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात त्याने सगळी डोकी काउंटरवर मांडायला लावली.

"कॅमेरा किती वजनाचा आहे तुमचा?" क्योस्तीने विचारलं.

"कॅमेऱ्याचं मी बघतो. हे किती?"

"तीनशे ग्रॅम. चांगलं आहे, पण..."

"बटाट्याचं पोतं आहे ते! आणि हे बारकं?"

"नव्वद ग्रॅम. पण काका, जड लेन्स असेल तर ते..."

"नव्वद!" इल्मोने खिशातून स्वतःचा काटा काढला. एक्याण्णव भरले. त्याने क्योस्तीकडे असं बघितलं, की बिचाऱ्याने पुढचं वाक्य गिळलं.

दुसऱ्या दिवशी इल्मो कोलीच्या कड्यावर पोहोचला. खाली तळं, वर आभाळ, माणूस औषधालाही नाही. त्याने कॅमेरा लावला, थर्मास उघडला, सवयीने दोन्ही कप भरले, बटण दाबून धावत जाऊन बसला आणि लग्नात हसला होता तसा हसला. खटक! कॅमेऱ्याला फोन जोडून त्याने फोटो तसाच साइयाला पाठवून दिला. छोट्या पडद्यावर बघायला चष्मा लागतो, आणि चष्म्याचं वजन बत्तीस ग्रॅम असल्यामुळे तो घरी होता.

मंगळवारी फोन वाजला. मंगळवारी! इल्मोला वाटलं, कोणीतरी गेलं.

"बाबा, कोण आहे ती?"

"कोण ती?"

"फोटो काढणारी! लपवू नकोस. फोटोत फक्त तुझे गुडघे आहेत, बूट आहेत, आणि दोन कप. दोन्ही कपांतून वाफ येतेय!"

इल्मोने चष्मा शोधून फोटो बघितला. खरंच की! त्याचं लग्नातलं हसू फोटोत कुठेच नव्हतं. तो धावत जाऊन बसेपर्यंत जड लेन्सच्या भाराने नव्वद ग्रॅमचं डोकं झोपेला आलेल्या माणसासारखं हळूहळू खाली झुकलं होतं.

"अगं, ते ट्रायपॉडचं..."

"लाजाळू आहे ना फार? कॅमेरा कसा खाली झुकलाय बघ. तुझ्याकडे मान वर करून बघायचीसुद्धा तिला लाज वाटते! आणि फोटो जरा हललाय, म्हणजे हात थरथरतोय. बाबा, मी खूप खूश आहे. खरंच. तू एकटा असतोस ना, त्याची मला..." पुढे ती रडली की नाक ओढलं, ते कळलं नाही. पण त्या दिवशी कॉफी गाळून झाली, गार झाली, तरी फोन चालूच होता.

सांगायचं राहून गेलं. उद्या सांगू, असं इल्मोने ठरवलं. उद्या उजाडला तर ओउलूहून त्याच्या थोरल्या बहिणीचा, आउनेचा फोन! हेल्लेवीच्या अंत्यविधीनंतर पहिलाच!

"इल्मो, लाजाळू आहे म्हणे?"

"आउने, तसं काही..."

"गप्प बस! लाजाळू म्हणजे घराणं चांगलं. वटवट करणारी आणली असतीस तर मी दारात उभी केली नसती!" असं म्हणून आउनेने तासभर वटवट केली.

इल्मो डोकं घेऊन क्योस्तीकडे गेला. क्योस्तीने ते उलटं धरलं. "काका, मोठ्या स्क्रूखाली हा बारका स्क्रू आहे, बघितलात? कॅमेरा झुकू नये म्हणून याने डोक्यातला गोळा आवळायचा असतो. मी तेच सांगत होतो."

घरी इल्मोने स्क्रू आवळला. कॅमेरा दगडासारखा स्थिर! पुढच्या फेरीत फोटो सरळ आला: हसणारा इल्मो, मागे तळं, पुढे दोन कप. पाठवला. साइयाचं उत्तर आलं, "छान." पुढे एक अंगठा. मंगळवारी फोन वाजला नाही. बुधवारी नाही. आउने तर पुन्हा ओउलूतच विरघळली. इल्मोने फोन उचलून कानाला लावून पाहिला, बिघडला नाही ना म्हणून. बिघडला नव्हता.

त्यानंतरच्या फेरीत त्याने कॅमेरा लावला, इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतंच, तरी चोरासारखं बघितलं, आणि बारका स्क्रू अर्धा आटा ढिला केला.

गुडघे! बूट! दोन कप! संध्याकाळी फोन वाजला. "बाबा, आज ती जास्तच लाजली वाटतं?" इल्मो म्हणाला, "हं." एवढंच. खोटं तो एक अक्षर बोलला नाही. फक्त "हं" म्हणत राहिला, आणि आमच्या फिनलंडात एवढ्यावर लग्नं होतात!

मग एका शुक्रवारी साइया म्हणाली, "उद्या मी येतेय. तिला भेटायला."

इल्मोने रात्रभर पुल्ला भाजले. गोड पावाच्या वासाने घर भरलं, पण सुचलं काहीच नाही. दुपारी साइया इल्मोच्या गावी, नुर्मेसच्या स्टेशनवर उतरली. हातात लाल लोकरीची टोपी. "आउने आत्याने विणली. कुठे आहे ती?"

"घरी आहे," इल्मो म्हणाला.

घरी त्याने ट्रायपॉड जेवणाच्या टेबलावर उभा केला, वर कॅमेरा बसवला. कॅमेरा हळूच मान खाली घालून उभा राहिला.

"ही," इल्मो म्हणाला.

साइयाने कॅमेऱ्याकडे बघितलं, बाबाकडे बघितलं. मग साइया हसायला लागली. खुर्चीवर बसली, टेबलावर डोकं टेकून हसली. उठून टोपी कॅमेऱ्याला घातली. चपखल बसली! आणि मग तिचं हसू एकदम थांबलं.

"मग बाबा, दुसरा कप?"

"आईचा."

"त्यातली कॉफी कोण पितं?"

"मीच. आधी माझी पितो, मग तिची. तिची गार होते जरा."

साइया उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बराच वेळ काहीतरी बघत राहिली. बाहेर फक्त लाकडाची रास होती.

रविवारी दोघं तळ्याकाठी गेली. साइयाने ट्रायपॉडवर बोट फिरवलं. "हा बारका स्क्रू ढिला आहे, बाबा."

"हो का?" इल्मो म्हणाला, आणि त्याला एकदम बुटांची नाडी बांधायची आठवण झाली.

तिने स्क्रू गच्च आवळला. फोटो सरळ आला, दोघांचे चेहरे, दोन कप. दुसऱ्या कपातली कॉफी त्या दिवशी गरम असतानाच संपली. गाडी सुटताना साइया खिडकीतून म्हणाली, "आता फोटो कसे झक्क येतील!" इल्मोने मान हलवली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो प्लॅटफॉर्मवर थोडा वेळ मान हलवत होता.

मंगळवारी त्याने फोटो पाठवला. गुडघे नव्हते, बूट नव्हते. फक्त शेवाळ, आणि कोपऱ्यात लाल लोकरीचा एक धागा.

फोन लगेच वाजला.

"बाबा! स्क्रू!"

"कुठला स्क्रू?" इल्मोने विचारलं, आणि थर्मास उघडून निवांत टेकून बसला.