मास्तरांचं वाटप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मास्तरांसाठी बकऱ्याचं काळीज, गुर्दे आणि दिल वेगवेगळ्या पानांत बांधणं. मटणाचं दुकान माझं, पण असलं नाजूक काम बायको करायची. "एकत्र बांधलास तर मास्तर परत करतले," म्हणून हसली. दुपारी छातीत कळ आली. जरा पडतंय म्हणाली. उठली नाही.

मास्तर आमचे शेजारी. लग्न केलं नाही. शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. नेलेलं मटण खायचे नाहीत. भिंगाखाली धरायचे आणि मग मांजराला घालायचे. भिंगातून काय दिसायचं, देव जाणे.

दुकानात गिऱ्हाइकांना अडवून सांगायचे. अंगात एक मदतनीस पदार्थ असतो, त्याच्याशिवाय खाल्लेल्याची ताकद होत नाही. काळीज, म्हणजे यकृत, तो पार मुळापासून करतं. वर अर्धा तयार माल रक्तातून दुसऱ्यांकडे धाडतं. दिल, मांस त्यापासून आपला आपण करून घेतात.

"काळीज नुसता मसाल्याचा वाटप धाडता. कालवण जेच्या तेच्या चुलीर!"

"पुरा तयार कित्याक धाडणा नाय?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं.

"तयार झालेला पेशीच्या भिंतीतून जाणा नाय, रे!"

"मास्तरानू, माका ह्या भाकरीवांगडा खावचा आसा. परीक्षेक बसूचा नाय," गिऱ्हाईक वैतागायचं.

बायको गेल्यावर सुतकात शेजाऱ्यांनी जेवण आणलं. तेरावं झालं, तसे डबे थांबले. मी चूल पेटवली नाही. दुकानही उघडलं नाही. चहा-पाव खायचा आणि पडून राहायचं. कुणी समजवायला आलं की मी तोंड फिरवायचो. जगायचंच नव्हतं, खोटं कशाला बोलू.

एका संध्याकाळी मास्तर आले. हातात वाटी. आत नारळाचं वाटप, जाडंभरडं, करवंटीचा चुरा दिसत होता. बोटं हळदीने पिवळी.

"ह्या काय? कालवण खंय?"

"ता तू करतलंस."

"माझ्यान होणा नाय. न्या परत."

ते गेले नाहीत. उंबऱ्यावर बसले.  खाली बघत आपल्या आईविषयी सांगू लागले, "आवस गेली तेव्हा लोकांनी माका तुझ्यासारखोच तयार डबो दिल्यानी. मग खानावळ. चूल तेव्हापासून थंड आसा, बाबल्या. घरात येवक जीव होणा नाय. तू तसो रवू नको."

एवढं बोलून वाटी ठेवून गेले.

सकाळी मी चूल पेटवली. त्या वाटपाच्या कालवणात मीठ जास्त पडलं. दोन ताटं मांडली आणि दोन घरांमधल्या गडग्यावरून ओरडलो, "मास्तरानू, येवा! भांडी तुमका घासूची लागतली."