शामरावांची ऑरगॅनिक पपई

तसं पाहिलं तर शामरावांनी ठरवलं ते एवढंच, की लेकीच्या डोहाळजेवणाला येणाऱ्या बायकांना ब्लाऊजपीस न देता एकेक पपईचं रोप द्यायचं. (ब्लाऊजपीस वर्षभरात फिरून आपल्याच घरी येतो.) रोप घरी वाढवलेलं, शंभर टक्के ऑरगॅनिक. आणि बायकोला, पद्मिनीला, आधी सांगायचं नाही. ऐन वेळी थक्क करायचं.

खरी गोम वेगळीच होती. जैनथचे व्याही पांडुरंगराव भर मांडवात म्हणाले होते, "हेडक्लार्क मानूस! ह्याइच्या हातानं कुंडीतली तुळस बी जगनार नाई." ते शामरावांना फार लागलं होतं.

मग आदिलाबादच्या त्यांच्या गच्चीवर काळ्या पिशव्यांची रांग लागली. पिकल्या पपईच्या बिया त्यांनी न धुता, बुळबुळीत सालीसकट पेरल्या. (धुतल्या तर कस जातो, हे त्यांचं स्वतःचं संशोधन.) बाजारातून एरंडीची पेंड आणून मातीत सढळ हातानं कालवली. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन ड्रममध्ये आंबवून जीवामृत केलं. पद्मिनीचा बेसनाचा डबा रिकामा झाला, शेजाऱ्यांच्या खिडक्या बंद झाल्या, पण रोपं आली! अशी तरारून आली, की शामराव ऑफिसातून थेट गच्चीवर जायला लागले.

"काय करून राह्यले जी इथं? पपई इतक्या जाड पानाची रायते का?" पद्मिनीनं एकदा विचारलं.

"ऑरगॅनिक हाये ते."

"अन् देठ लाल काऊन?"

"अंगात रक्त हाये. तुले नाई समजनार."

डोहाळजेवणाच्या दिवशी लेक चैत्राली हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. ओटी भरून झाली, गाणं रंगात आलं, आणि शामराव परातीत रोपं घेऊन बायकांमध्ये शिरले.

"घ्या, पपई! माझ्या हातची!"

गाणं तिथंच थांबलं. विहीण जयवंताबाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं माय! पपई? पोटुशा पोरीपुढं पपई? अवो, अशा दिवसांत तिचं नाव बी घेत नाई कोनी!"

पद्मिनीनं डोळे मिटून घेतले. चैत्राली "बाबा!" एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. शामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परात ठेवावी तर कुठं, आणि धरून उभं राहावं तर कसं!

गलबला ऐकून पांडुरंगराव बाहेरच्या खोलीतून आले. त्यांनी एक रोप उचललं, पान उलटून पाहिलं.

"कोन म्हनते पपई? हे तं एरंडी हाये!"

पेंडीत एरंडीचे आख्खे दाणे राहून गेले होते. जीवामृत पिऊन तरारले होते ते हेच. पपईची एकही बी उगवली नव्हती.

"इवाई, खरं सांगा," जयवंताबाई शामरावांना म्हणाल्या, "पपई हाये का एरंडी?"

साऱ्या बायका शामरावांकडे बघायला लागल्या. पपई म्हणावं तर लेकीला अपशकुन, एरंडी म्हणावं तर जन्माची फजिती, तीही नेमकी पांडुरंगरावांपुढं. त्यांनी चैत्रालीच्या तोंडाकडे पाहिलं.

"एरंडी," ते पुटपुटले.

"मोठ्यानं बोला."

"एरंडी! समदी एरंडी! मले पपई लावता येत नाई!"

चैत्राली ओल्या डोळ्यांनीच खुदकन हसली. जयवंताबाईंचा जीव भांड्यात पडला, गाणं पुन्हा सुरू झालं. पद्मिनीनं कपाटातून ब्लाऊजपीस काढले (तिनं ते आणून ठेवलेच होते) आणि बायकांनी ते आनंदानं घेतले. रोपाला कुणी हात लावला नाही.

शामराव परात घेऊन मागच्या दारानं सटकत होते, तेवढ्यात खांद्यावर पांडुरंगरावांचा हात पडला.

"नाराज नोका होऊ, इवाई. आमच्या बांधावर आपसूक येते ते एरंडी तुमी बेसन चारून वाढवली. हाताले यश हाये तुमच्या. पुढल्या साली गाजरगवत लावून पाहा."