दहावी पुंगळी

झुलालनानांनी काडतुसांच्या दहा रिकाम्या पुंगळ्या चुलीजवळच्या पाटावर उभ्या केल्या आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात बिडी बंद!"

"बिडी तुम्हीच पेतस, आनि बंद कोनले करी ऱ्हायनात?" नानांच्या पत्नी भागाबाई म्हणाल्या.

गावात नाना चार होते, पण 'पिस्तूलवाले नाना' एकच. कापसाच्या जिनिंग मिलमधल्या हेडक्लार्कीतून निवृत्त झाल्यावर माणसाजवळ उरतं काय? नानांजवळ परवान्याचं रिव्हॉल्वर उरलं होतं. त्याच्या जोरावर लग्नात पहिल्या पंगतीचा मान मिळायचा. सोमवारी धुळ्याला परवान्याचं नूतनीकरण होतं. तिथं दहा काडतुसं दाखवायची, भरलेली नाहीतर रिकामी, पण दहा म्हणजे दहा. नानांनी दहाही नाल्यातल्या एका डब्यावर उडवून टाकली होती. डबा अजून धडधाकट आहे.

नवी काडतुसं मिळवायची तर अर्जावर अर्ज. एवढ्यात अमेरिकेतल्या भाच्यानं, भाईदासनं, एक पुस्तक पाठवलं. घरच्या घरी काडतुसं कशी भरावीत, तीही सुरक्षित! नाना डिक्शनरी घेऊन बसले. दोन महिन्यांत दोन धडे झाले. पहिल्यात जवळपास बिडी नको, डोळ्याला चष्मा हवा, कामात कुणी बोलू नये. दुसऱ्यात पुंगळ्या स्वच्छ करा. बारूद अकराव्या धड्यात होती, म्हणजे दिवाळीपर्यंत काही धोका नव्हता.

"पितळ शे ना? मंग चिंच कसाले शे घरमा?" असं म्हणत भागाबाईंनी पुंगळ्या देवाच्या तांब्यासारख्या लख्ख घासल्या आणि गच्चीवर बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शेजारी वाळत घातल्या. बिबडे टाकायला आलेल्या झुंबरबाई त्या बघून किंचाळल्या, "ओ माय! नाना घरमा गोळ्या बनाडतस!"

दुपारपर्यंत गावाच्या तोंडी नानांचा कारखाना निघाला. तीन वाजता बिबड्यांत बारूद मिसळली. चारला पोलीस ठाण्याचा निंबा जमादार दारात.

"नाना, कारखाना कुठंय?"

"कसला कारखाना? दुसरा धडा चाललाय!" नानांनी पुस्तक पुढं केलं.

जमादारानं पहिलं पान उघडलं. "हे काय लिहिलंय, वाचा बरं."

नानांनी चष्मा लावला. "'सुरुवातीआधी... आपल्याकडचा कायदा... पाहून घ्या.'"

"पाहिला?"

"ती प्रस्तावना हो! प्रस्तावना कोण वाचतं?"

"काडतुसं भरायचा परवाना वेगळा असतो. तो नसताना भरलं तर रिव्हॉल्वर जाईल, आणि मागून तुम्ही."

नानांनी पुस्तक झटकन मिटलं. "जमादारसाहेब, चिंचेशिवाय काही लावलं नाही हो! पिस्तूल गेलं तर मला गावात ओळखणार कोण?"

भागाबाईंनी शहाणपणा केला. ताटलीत बिबड्याचा गरम घाटा, वर तेल, असं जमादारापुढं ठेवलं. जमादार खाता खाता गच्चीवरून आणवलेल्या पुंगळ्या मोजू लागला. दोनदा मोजल्या. मग एक उचलून उजेडात धरली.

"आमच्या साहेबांच्या रिव्हॉल्वरचीबी अशीच असते," तो हळूच म्हणाला. "परवा सरावात एक हरवली. उद्या मोजणीये. माझी नोकरी अडकलीय, नाना."

जमादारानं ताटली पुसून खाल्ली, पुंगळी खिशात टाकली आणि उठला. "मी इथं काही पाहिलं नाही. पुस्तक मात्र माळ्यावर टाका."

सोमवारी धुळ्याला कारकुनानं मोजलं. "नऊच? दहावी हरवल्याचा पोलीस ठाण्याचा दाखला आणा. नाहीतर परवाना विसरा."

नाना मिळेल त्या एसटीनं परतले आणि तसेच ठाण्यात गेले. टेबलामागं निंबा जमादारच बसला होता. त्यानं नानांकडं ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि रजिस्टर उघडलं.

"वस्तू?"

"रिकामी पुंगळी. एक."

"शेवटची कुठं पाहिली होती?"

"तुमच्या खिशात," नाना म्हणाले.

जमादाराचं पेन थांबलं. त्यानं दाराकडं पाहिलं, घसा खाकरला आणि पुन्हा लिहायला घेतलं.

"नाल्यात लिहू," तो म्हणाला. "आमचीबी तिथंच हरवली होती."