बाबलमेस्त्रींचा रिमोट

सुतार म्हटला की तो लाकडाजवळ असणार, ही आपली साधी समजूत. आमचे बाबलमेस्त्री फळी कोरायला लागले की फळीपासून पंधरा पावलांवर, अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असायचे. हातात मुलं टीव्हीवर गेम खेळतात तसला काळा रिमोट, बिनवायरचा. शेडमध्ये मशीन घूंऽ घूंऽ करत फणसाच्या फळीवर वेल कोरत असायचं आणि मेस्त्री इकडे दोन्ही आंगठे फिरवत माझ्याशी गजाली मारायचे.

"अहो मेस्त्री, लक्ष तिकडे असूदे!" मी ओरडायची.

"बाईनू, तुमी कित्याक घाबरतास? मशीन माका वळाखता."

आणि मधेच शेडकडे तोंड करून, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं म्हणायचे, "हळू गो... डाव्यान घे... वायच थांब... हां, आता उचल. शाब्बास!"

मशीनला बाईमाणसासारखं 'गो' म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आमच्या पोस्टमननं एकदा कुंपणाच्या गडग्याआडून मला खूण करून विचारलंही होतं, "बाई, मेस्त्रींचा डोका ठिकाणार आसा मां?"

मी मसुऱ्याच्या हायस्कुलात गणित शिकवायची. मेस्त्रींचं नि माझं घर शेजारी, मधे एक चिऱ्यांचा गडगा. इतकी वर्षं भूमिती शिकवल्यामुळे मला वाकडं काही खपत नाही, आणि त्या बाबतीत माझ्याहून वाईट माणूस गावात एकच होता, तो म्हणजे बाबलमेस्त्री.

"सुतात आसा मां?" हा त्यांचा नमस्कार. सुतार सरळ खूण करायला जो दोरा मारतो, ते सूत. माणूस भेटला की तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, सगळं सुतात आहे ना एवढंच विचारणार. लग्नाला गेले की आधी एक डोळा मिटून मांडवाचे खांब बघायचे आणि वधूपित्याला बाजूला घेऊन, "उजवीकडचो खांब दोन सूत भायर आसा," असं सांगून मगच पंगतीला बसायचे. भजनाला आले की पेटी भिंतीला समांतर करायचे. पेटीवाला चिडून ती परत तिरकी करायचा. अख्खं भजन संपेपर्यंत पेटी सरकत असायची.

माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला सगळे मान खाली घालून बसले होते. हा माणूस उठला आणि भिंतीवरचा फोटो सरळ करून आला. "तात्या जिते आसताना कधी असे वाकडे उबे रवले नाय," म्हणाले. सासूबाई त्या तेरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

असल्या माणसाचं स्वप्नही सरळच असणार. आमच्या वाडीतल्या देवळाचा दरवाजा मेस्त्रींच्या वडिलांनी कोरलेला. तो खालून कुजत चालला होता. नवा होईल तेव्हा तो आपल्याच हातून व्हावा, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती. जाता येता देवळासमोर थांबायचे, पण हात जोडायच्या आधी चौकट बघायचे.

दोन हजार सात-आठच्या सुमारास त्यांनी ते मशीन आणलं. कागदावरचं नाव सीएनसी राऊटर. कंप्युटरमध्ये नक्षी घालायची, बटण दाबायचं, की गरगर फिरणारं पातं टेबलावर इकडून तिकडे जात तीच नक्षी लाकडात उतरवतं. कोल्हापुरातल्या एका बोर्डवाल्याचं जुनं मशीन ते. फोंडाघाट उतरताना मेस्त्री टेम्पोत मागे त्याला मिठी मारून बसले होते म्हणे. पण पहिले सहा महिने काय काम निघालं! देव्हारे, पाळणे, दाराच्या पट्ट्या. वेल अशी जायची की मी स्वतः पट्टी लावून बघितली तरी चूक सापडली नाही.

मग शालनवहिनींच्या अंगावरून वारं गेलं.

शालनवहिनी म्हणजे मेस्त्रींची बायको. बडबडी बाई, आणि हातात कला. कोणाकडे लग्नकार्य असलं की दारातली रांगोळी वहिनींची. ठिपके नाहीत, मोजमाप नाही, चिमटीतून सरळ वेल उतरायची. त्यांचा जीव वाचला, पाय उचलू लागले, बोलणं थोडं जड झालं, पण उजवा हात मात्र गेल्यासारखाच. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो वहिनींनी डाव्या हातानं खिडकीतून माझ्या विहिरीत फेकला. एकदा नव्हे, तीनदा! तिन्ही वेळा मी तो काढून परत नेऊन दिला.

पण मी गेले की त्या हात पदराखाली घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. कोणी बघितलेलं त्यांना नको होतं. अंगणात येणं बंद, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा. दोनदा असं झाल्यावर मीही जायची बंद झाले. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

मेस्त्रींच्या तोंडी मात्र तेव्हा एकच विषय. "डॉक्टर म्हणतत, हात वापरलो तर येतलो. नाय वापरलो तर रवलो तसोच. ती वापरीत नाय, बाईनू. काय करू सांगा." हे सांगताना ते सुतात आहे का वगैरे काही विचारायचे नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईच्या भाच्याकडून तो रिमोट आला आणि मेस्त्री पार बदलले. खूश! शीळ काय घालतात, खुर्ची टाकून अंगणात काय बसतात. रिमोटवर दोन छोट्या दांड्या. उजव्या आंगठ्यानं दांडी फिरवली की मशीनचं पातं आडवं-उभं फिरतं, डाव्यानं वरखाली. मी विचारलं, "अहो, पण कंप्युटर आपणहून सरळ कोरतो ना? मग हा उपद्व्याप कशाला?"

"कंप्युटरान कोणीय करीत, बाईनू. हात व्हयो, हात!"

आणि अंगणातून पुढे कोणाला सोडायचे नाहीत. "मशीन चालू आसताना भुसो उडता, डोळ्यात जायत." गिऱ्हाईक खुर्चीसमोर उभं, मेस्त्री राजासारखे आंगठे हलवतायत, आणि तोंडानं त्यांचं "हळू गो" चालू.

पण काम बिघडलं. कोणाच्या देव्हाऱ्यावरच्या कमळाला साडेसात पाकळ्या निघाल्या. पाळण्यावरचा मोर बदकासारखा दिसायला लागला. वेल चालता चालता भलतीकडेच निघायची. बाजारात लोक बोलू लागले की मेस्त्रींचा हात गेला, नजर गेली, आता देवळाच्या दरवाज्याचं नाव काढू नका. आणि मेस्त्री? ज्यानं मेलेल्या माणसाचा फोटो वाकडा चालवून घेतला नाही, तो हसून म्हणायचा, "वय झाला, मेल्यानू. चलताच."

त्याच वर्षी आमच्या गणपतीच्या पाटाला वाळवी लागली. आमच्याकडे नागपंचमीच्या आसपास घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, नेऊन द्यायचा असतो, मूर्ती त्याच पाटावर घडते. मी मेस्त्रींना नवा पाट सांगितला. फणसाचा, चारी कडांना वेल. तो घरी आला तेव्हा तीन बाजू ठीक होत्या. चौथ्या बाजूला वेल अशी काही डुलत गेली होती की माझ्या नववीतल्या ढ पोरानं काढली असती तरी मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

नेमकी त्याच आठवड्यात देवळाची कमिटी माझ्याकडे आली. दरवाजा करायचा ठरला होता. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही भूमितीवाल्या, आणि मेस्त्रींच्या शेजारच्या. तुम्ही सांगाल तसं करू. मेस्त्रींना द्यायचा की फोंडाघाटच्या सुताराला? रविवारपर्यंत कळवा."

मी रविवारपर्यंत कसली थांबते! पाट काखेत मारला आणि गडग्याला वळसा घालून तडक मेस्त्रींच्या अंगणात. मशीन चालू. मेस्त्री खुर्चीत. आंगठे गरगर.

"हे काय आहे?" मी पाट त्यांच्या मांडीवर आपटला.

त्यांनी ती बाजू बघितली. बोट फिरवलं. आणि मला वाटलं, ह्या माणसाला खरंच काही झालंय, कारण ते त्या रेषेकडे कौतुकानं बघत होते. "म्हयन्यापाठी ह्येच्यापेक्षा वाकडी होती," म्हणाले.

"मेस्त्री, कमिटी येऊन गेली. दरवाजा फोंडाघाटला चाललाय! तुमच्या वडिलांचा दरवाजा! बंद करा हा पोरखेळ!" असं म्हणून मी त्यांच्या हातातला रिमोट हिसकावूनच घेतला.

मशीन थांबलं नाही.

मी रिमोटकडे बघितलं. बटणं दाबली. मशीन आपलं घूंऽ घूंऽ करत चाललंय. रिमोट उलटा केला, तर मागचं झाकण नाही आणि आत सेलसुद्धा नाहीत. नुसतं रिकामं खोकं. हा माणूस सहा महिने आम्हा सगळ्यांसमोर रिकाम्या खोक्यावर आंगठे फिरवत होता.

"मेस्त्री, मग मशीन कोण चालवतंय?"

मेस्त्रींनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि आवाज अगदी लहान केला. "वगी रवा, बाईनू. तुमच्या पाया पडतंय. ती आयकात."

शेडच्या बाजूला घराची खिडकी. लुगड्याचा पडदा थोडा सरकलेला. खिडकीतून मशीनचं टेबल समोर दिसत असणार. आता मला ते सगळं 'हळू गो' कळलं.

मेस्त्री कुजबुजत सांगत होते. रिमोट आला त्या दिवशी तो वहिनींच्या मांडीवर ठेवून ते टेप शोधायला गेले. तेवढ्यात शेडमध्ये पातं आपोआप सरकलं. धावत येऊन बघतात तर वहिनींचा उजवा आंगठा दांडीवर होता. "हललो, बाईनू! चेंडवार हललो नाय, हेच्यार हललो. ती हसली. किती म्हयन्यांनी हसली ती." तेव्हापासून रोज तासभर त्या कोरतात. कंप्युटरवर कोरलं तर त्यांच्या हाताला काय काम उरणार? म्हणून तेवढा तास कंप्युटर बंद. वहिनींची अट एकच होती, कोणाला कळता कामा नये. म्हणून भाच्याकडून आणखी एक रिमोट मागवला, लोकांना दाखवायला.

"अहो, पण लोक तुम्हाला नावं ठेवतात."

"ठेवूंदेत. माजा नाव गेला तर गेला. तिचो आंगठो इलो, आता दोन बोटां येवक लागली हत."

"मग दरवाजा कंप्युटरवर करा. सरळ होईल. मी सांगते कमिटीला."

"कमिटी इचारतली, मगे आतापर्यंत वाकडा कित्याक? काय सांगतलास? तिचा नाव सांगतलास? मी तिका सबद दिलंय." मग मांडीवरच्या पाटावर हात फिरवत म्हणाले, "जावंदे दरवाजो." आयुष्यभराचं मागणं होतं ते. मला स्वतःचाच राग आला. मी एवढी शेजारीण, वर्षभरात एकदा तो पडदा बाजूला करून बघितलं नाही.

तेवढ्यात मशीन थांबलं.

आम्ही दोघं बघतच राहिलो. घराच्या दारात शालनवहिनी. डाव्या हातानं चौकट धरलेली, उजवा हात उघडा, पदराबाहेर, आणि त्यात रिमोट. माझा आवाज काही लहान नव्हता, सगळं ऐकलं असणार. चौकट सोडून त्या अंगणात उतरल्या. मेस्त्री उठायला गेले, तर त्यांनी डोळ्यांनीच बसवलं. हळू, पाय ओढत, त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई," जड जिभेनं एकेक शब्द उचलत म्हणाल्या, "ती रेष... माजी. ह्यांची नाय. कमिटीक... सांगा. सगळ्यांका सांगा. दरवाजो... हेच करतले."

मी त्यांचा तो हात दोन्ही हातांत घेतला. गरम होता. त्यांनी तो ओढून घेतला नाही. बोटांनी माझा आंगठा दाबला, अगदी हलकेच, पण दाबला.

"सांगते, वहिनी. आत्ताच जाते," मी म्हटलं आणि डोळे पुसून मेस्त्रींकडे वळले. "ऐकलंत? आता दरवाज्याचं माप, लाकूड, सगळं मला नीट सांगा. कमिटीला तसं सांगायला हवं."

मेस्त्रींचं लक्षच नव्हतं. ते खाली वाकून, चौकटीपासून वहिनींच्या पायांपर्यंतची मातीतली पावलं बोटानं मोजत होते. परत मोजली. मग वर बघितलं, सगळा चेहरा ओला.

"णव," म्हणाले. "बगलास, बाईनू? णव पावलां चलली. एकटी!"

"अहो मेस्त्री, दरवाजा!"

"खयचो दरवाजो?" म्हणाले, आणि परत पहिल्यापासून मोजू लागले.