टिकलीचे ठिपके

जीव कसा घडतो हे मला मोबाईलवर समजलं, तेही गादीवर लोळून. बढाई मारत नाही, चार महिन्यांत मी एकशे बारा प्राणी निर्माण केले होते. एकाला तर शिंगं आणि पंख दोन्ही होती! ब्रह्मदेवानंही इतकं काम आडवं पडून केलं नसेल.

खेळ मोठा निवांत. बारक्या बारक्या चौकोनांनी बनलेले प्राणी आणि मागं मंद बासरी. दोघांना एकत्र सोडलं की आईचे कान, बापाचा रंग, आजीची शेपटी असं काहीतरी पिल्लू निघतं. शत्रू नाही, घड्याळ नाही. आपण चहाला उठलो तर प्राणी बिचारे आहेत तिथंच थांबतात.

आमच्या घरी खऱ्या शेळ्या आहेत. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावात पंचफुलाबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, शेळ्यांना मान आहे. त्यातली पांढरीशुभ्र चांदणी तिची लाडकी. खेळात मी पांढरा आणि काळा रंग जुळवून पाहिला होता, पिल्लू ठिपक्यांचं आलं होतं. मग काय! माझ्या सात वर्षांच्या लेकीला, सृष्टीला, मी शब्द देऊन टाकला. चांदणीला गावातल्या रखमाजीचा काळा बोकड दाखवायचा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली पाठ, म्हणजे मादी पिल्लू, होणार आणि ती पाठ तुझी. सृष्टीनं न जन्मलेल्या पिल्लाचं नाव टिकली ठेवलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं.

एका सकाळी आई म्हणाली, "परमेश्वर, चांदणी माजावर आली. रखमाजीकडं घेऊन जा."

"पाच मिनिटं," मी म्हणालो. माझा एकशे तेरावा प्राणी नुकता अंड्यातून डोकं काढत होता.

ती पाच मिनिटं दुपारी चारला संपली. आई रानात गेली होती. मी चांदणीला रखमाजीकडं नेलं, तर तिनं त्या देखण्या बोकडाला सरळ शिंगं दाखवली. रखमाजी म्हणाला की हिचं काही मन दिसून नाही राहिलं. मी म्हटलं, लाजत असेल. दोघांना तासभर गोठ्यात सोडलं आणि मी ओसरीवर एकशे चौदावा प्राणी काढला. तेवढ्यात काम झालंच असणार, असं धरून तिला घरी आणलं.

पुढचे पाच महिने मी गावभर भाषणं देत फिरलो. घराच्या भिंतीवर रंगीत खडूंनी चौकोन काढून पिल्लांचा तक्तासुद्धा मांडला. लोक आपापल्या म्हशींबद्दल सल्ला विचारायला लागले!

मग चांदणी व्याली. दोन पिल्लं, खुरापासून कानापर्यंत तांबडी! सृष्टीनं एकेक पाय उचलून पाहिला, कानामागं पाहिलं.

"बाबा, टिकलीचे ठिपके कुठं हायेत?"

ठिपके नंतर येतात, असं काहीतरी मी पुटपुटलो. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात रखमाजी आला. पिल्लांना न्याहाळून म्हणाला की हे माझ्या बोकडाचं काम नाही, गावात असा तांबडा बोकड एकट्या पुंजाजीकडं आहे. मी लगेच चांदणीच्या आजी-पणजीचे रंग काढून समजावायला लागलो.

"काहून डोकं शिणवून राहिला?" आई म्हणाली. "तू पाच मिनिटं म्हणला. शेळी वरडून वरडून दमली. रानात जायच्या आधी मीच पुंजाजीकडं नेऊन आणली, जवळ पडतं म्हणून."

"मग पाच महिने सांगितलं काहून न्हाई?"

"मला वाटलं, तुझ्या मोबाईलला दिसत आसंल."

रखमाजी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. सृष्टी मात्र डोळे पुसत घरात गेली आणि माझ्या बायकोचं टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. तिनं दोघांतली पाठ मांडीवर घेतली आणि तांबड्या अंगावर एकेक काळी टिकली चिकटवत बसली. पाकीट संपलं तेव्हा तिथं ठिपक्यांची टिकली उभी होती, माझ्या सगळ्या प्राण्यांपेक्षा देखणी.

मी घड्याळात पाहिलं. पोरीला बराबर पाच मिनिटं लागली होती.