नरसय्याअण्णा आणि परतीचे मेल

आमचे नरसय्याअण्णा पाण्याचा जार घेऊन आलेल्या माणसालाही आधी विचारतात, "हे आमीच मागवलंय कशावरनं?" जारवाला आता दारातूनच पावती दाखवतो.

अण्णा आमच्या अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आणि मेल सर्व्हर सांभाळतात. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. मी शेजारच्या टेबलावर डिस्पॅच बघतो आणि दिवसभर त्यांची कटकट ऐकतो.

मध्यंतरी कुणा भामट्यानं आमच्या नावानं जगभर फालतू मेल सोडले. पत्ते बोगस, त्यामुळं 'मेल पोचला नाही' असे निरोप ढिगानं आमच्याकडं परत. खऱ्या ऑर्डरी त्यात बुडाल्या. मालक वैतागून म्हणाले, "परतीचे सगळेच मेल बंद करा."

"न्हाय जमणार," अण्णा म्हणाले. "आपलं खरंच न्हाय पोचलं तर कळणार कसं?"

मला वाटलं, कारखान्याची काळजी. कसली आलीय. चहा पिताना खरं बाहेर पडलं. धाकटा भाऊ भांडून हैदराबादला गेलेला, फोन उचलत नाही. अण्णा दर सोमवारी त्याला मेल करतात. उत्तर येत नाही, पण मेल परतही येत नाही. तेवढ्यावर हा माणूस तग धरून होता. आता या ढिगात तोही परत आला असेल तर?

मालकांनी ढीग थांबवायला शनिवारपर्यंत मुदत दिली. अण्णा इरेला पेटले. जेवणाचा डबासुद्धा उघडेनात. शेवटी तरातरा गोदामात गेले. आमच्या नावाच्या नकली चादरी व्यापारी परतीचा माल म्हणून आमच्याच गळ्यात मारायला बघतात, म्हणून आम्ही काठात लाल दोरा विणतो. दोरा नसला की गठ्ठा दारातनं माघारी. अण्णा तो काठ बोटांनी चोळत उभे राहिले.

"मेललाबी दोरा घालतो की," म्हणाले.

आणि घातला. जाणाऱ्या प्रत्येक मेलवर गुप्त खूण. परत आलेल्यावर ती नसली की सर्व्हर त्याला आतच घेत नाही. शनिवारी मेलबॉक्स धुतल्यासारखा स्वच्छ. मालक खूश.

सोमवारी अण्णांनी भावाला मेल केला आणि पडद्यासमोर बसून राहिले. चहालाही उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत काही परत आलं नाही.

"पोचलंय," ते म्हणाले. "वाचतोय तो. व्हय की न्हाय?"

पोचणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी ते माझ्याच तोंडाकडं बघत होते.

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "वाचतोय की."